मधुमेह, बाई आणि नैराश्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डायबिटीसच्या ओपीडीत समुपदेशन करते. डॉक्टर शुगर बघतात, आहारतज्ज्ञ ताट बघतात, आणि माझ्या टेबलापाशी आलेली बाई बहुधा "मला काही नाही हो, यांनी पाठवलं म्हणून आले" असं म्हणत खुर्चीच्या टोकावर बसते. दहा मिनिटांनी ती नीट टेकून बसली की खरे प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केलेत. वाचणारीला टाइप २ मधुमेह आहे असं धरून लिहिलंय. टाइप १ आणि गरोदरपणातली शुगर यांचं पुढे वेगळं आहे. इथलं वाचून गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस मात्र बदलू नका.

मधुमेह झाला की नैराश्य येतंच का?

नाही. बहुतेक बायकांना येत नाही. पण शक्यता वाढते, आणि चांगलीच वाढते. २००१ साली ४२ अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या दुप्पट दिसली. बायकांमध्ये प्रमाण २८ टक्के होतं, पुरुषांमध्ये १८.

या आकड्यांकडे जरा सावधपणे बघायचं. त्याच आढाव्यात, प्रश्नावली भरून घेतली तिथे ३१ टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं निघाली, आणि समोर बसवून नीट मुलाखत घेतली तिथे ११ टक्के लोकांना नैराश्य ठरलं. मधल्या लोकांना काहीच नव्हतं असं नाही. त्यांना जे होतं त्याला कधी कधी वेगळं नाव असतं, ते पुढे सांगते.

आपल्याकडे माणसं किती, हे पाहायचं तर आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल बघा: देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह, आणि सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के.

आधी काय येतं, मधुमेह की नैराश्य?

दोन्ही बाजूंनी वाट आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांवर एक प्रसिद्ध अभ्यास बरीच वर्षं चालला आहे. त्यातल्या ५० ते ७५ वयाच्या ६५,३८१ बायकांकडे १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता १७ टक्क्यांनी जास्त निघाली. उलट, मधुमेह असलेल्यांना नैराश्य येण्याची शक्यता २९ टक्क्यांनी जास्त, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये ५३ टक्क्यांनी.

हा शेवटचा आकडा वाचून कोणी इन्सुलिन बंद करू नये. इन्सुलिनमुळे उदासी येते असा त्याचा अर्थ नाही. इन्सुलिनपर्यंत पोचलेल्या बाईचा आजार बहुधा जुना असतो, सोबत डोळ्यांचं, पायांचं काही सुरू झालेलं असतं आणि रोजचा व्याप मोठा असतो.

शरीरात काय होतं? मन दीर्घकाळ ताणाखाली राहिलं की कॉर्टिसोल हे ताणाचं हॉर्मोन चढं राहतं. त्याने यकृत जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा असर कमी होतो. झोप मोडली की त्यात भर पडते. हा झाला आतला भाग. बाहेरचा भाग साधा आहे: मन नसलं की चालायला जाणं होत नाही, गोळी राहते, दुपारी चहा-बिस्किटावर भागवलं जातं. मग शुगर वाढते, डॉक्टर बोलतात, मन आणखी खट्टू होतं.

पण बायकांनाच जास्त का?

मुळात नैराश्याचं प्रमाणच बायकांमध्ये पुरुषांच्या दीडपट ते दुप्पट आहे, मधुमेह असो वा नसो. हॉर्मोन्सचा त्यात वाटा आहे: पाळी, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ. पण माझ्या टेबलापाशी बसून जे ऐकू येतं त्यात हॉर्मोन्सचा उल्लेख क्वचित असतो. स्वयंपाकघराचा असतो.

पुरुषाला मधुमेह झाला की घरातल्या भाजीतला गूळ जातो, भाताचं पातेलं लहान होतं, कोणीतरी मेथीचे दाणे भिजत घालतं. ते कोणीतरी म्हणजे बायको. बाईला मधुमेह झाला की ती स्वतःसाठी वेगळं काही करत नाही. सगळ्यांचं करून, शेवटी उरलेलं खाते, बहुतेक वेळा भातच उरलेला असतो. गोळी जेवणाआधी घ्यायची असते, पण तिच्या जेवणाची वेळ सगळ्यांचं आटोपल्यावर. त्यात सणाच्या दिवशी पुरण तीच वाटणार, मोदकही तीच वळणार, आणि चाखायला घेतलं तर "अगं, तुला शुगर आहे ना?" हेही तिलाच.

इंजेक्शन लपून घेणाऱ्या कितीतरी जणी आहेत. मोरीत, बेडरूमचं दार लोटून, लग्नाच्या हॉलवर बाथरूममध्ये. इन्सुलिनची पेन भाजीच्या पिशवीखाली ठेवणारी एक शिक्षिका माझ्याकडे येते. शाळेत कळलं तर सहलीची जबाबदारी काढून घेतील अशी तिला भीती. सहल ही तिची वर्षभरातली सगळ्यात आवडती गोष्ट.

आणखी एक गोष्ट आहे, जी दार बंद असल्याशिवाय कोणी बोलत नाही. शुगर वाढलेली असली की योनीमार्गात बुरशीचा संसर्ग वारंवार होतो, खाज सुटते, लघवीला जळजळतं. नवराबायकोच्या नात्यात त्यामुळे अंतर पडतं. बाईला वाटतं आपल्यातच काही घाण आहे, नवऱ्याला वाटतं हिला आपण नकोसे झालो. यावर साधे उपचार आहेत आणि शुगर आटोक्यात आली की त्रास खूप कमी होतो. पण लाजेपोटी वर्षं जातात, आणि त्या वर्षांत मनावर काय साचतं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

मला नैराश्य आहे की नुसता या शुगरचा वीट आलाय?

हा या यादीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मधुमेहाचा स्वतःचा एक मानसिक शीण असतो. मोजा, टोचा, तोला, आठवण ठेवा, आणि सगळं करूनही आकडा हवा तसा येईलच याची खात्री नाही. त्याची सुट्टी नसते. अभ्यासक याला नैराश्यापासून वेगळं काढतात. तो मोजायला १९९५ पासून २० प्रश्नांची 'पेड' नावाची प्रश्नावली वापरात आहे, आणि तिच्यात १०० पैकी ४० किंवा जास्त गुण आले तर मदतीची गरज आहे असं धरतात.

ओळखायची ढोबळ खूण अशी. शुगरचा विषय सोडला तर तुम्हाला नातवंडांत, शेजारणीच्या गप्पांत, मालिकेत मजा येते का? येत असेल तर बहुधा हा मधुमेहाचा वीट. शुगरचा विषय नसतानाही कशातच जीव रमत नसेल तर नैराश्याकडे बघायला हवं. दोन्ही एकत्रही असतात.

एक वही सांगते. पन्नाशीच्या एक बाई दर महिन्याला शुगरची वही आणायच्या. आखलेले रकाने, सुवाच्य अक्षर, रोज फास्टिंग ११८, १२२, १२०. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी, ती टक्क्यांत मोजतात) मात्र साडेनऊ, म्हणजे बरीच चढी. वही बघितली तर तीसही दिवसांची नोंद एकाच निळ्या पेनाने, एका दमात लिहिलेली. पानाच्या कडेला हळदीचा डाग नाही, कुठे खाडाखोड नाही. मी विचारलं, पट्ट्या संपल्या होत्या का? त्या म्हणाल्या, "पट्ट्या आहेत. डबा उघडायचं धाडस होत नाही. आकडा आला की दिवसभर तोच डोक्यात राहतो, आणि इथे आले की पुन्हा बोलणी बसतात." त्या बाईंना नैराश्य नव्हतं. वीट आला होता आणि भीती होती. उपाय गोळीचा नव्हता: आठवड्यात दोनच दिवस मोजायचं, आलेला आकडा जसाच्या तसा लिहायचा, आणि त्या आकड्यावर ओपीडीत कोणीही आवाज चढवायचा नाही असं आम्ही आपसात ठरवलं. पुढच्या खेपेला वहीत २४६ होता. मला तो बघून बरं वाटलं.

तुमच्याही वहीत असे आकडे असतील तर आज खाली एक रेघ मारा आणि खरे लिहायला लागा. डॉक्टर खोट्या आकड्यांवर डोस ठरवतात, ते जास्त धोक्याचं आहे.

मग नैराश्य ओळखायचं कसं?

बायका "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाहीत. म्हणतात: नको नको झालंय. कामाला उरक नाही. अंगात त्राण नाही. डोकं जड. उगाच रडू येतं. देवापाशी बसले तरी मन लागत नाही.

तपासायला दोन प्रश्न पुरतात, निदान सुरुवातीला. गेल्या दोन आठवड्यांत, बऱ्याच दिवशी, (एक) कशात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का, (दोन) उदास, निराश, हताश वाटतंय का? आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यातही हे दोन प्रश्न असतात. घाईत बरेचदा "नाही, नाही" असं लिहून पुढे जातात, तो भाग सोडा. उत्तर 'हो' आलं तर पुढे नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' आहे: झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधी वाटणं वगैरे. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

अडचण अशी की थकवा, झोपमोड, भूक बदलणं ही वाढलेल्या शुगरचीही लक्षणं आहेत. रात्री चारदा लघवीला उठणारीची झोप मोडणारच. म्हणून मी शरीराच्या प्रश्नांपेक्षा आनंद, अपराधीपणा आणि "आपण कोणाच्या कामाचे नाही" या भावनेवर जास्त भर देते. नुसती शुगर वाढल्याने माणसाला आपण निरुपयोगी आहोत असं वाटत नाही.

हे सगळं थायरॉइडमुळे किंवा अशक्तपणामुळे तर नसेल?

असू शकतं, म्हणून आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. थायरॉइडसाठी टीएसएच. आणि बी-१२, हे विसरू नका. मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी-१२ कमी होत जातं. शाकाहारी बाईत ते आधीच कमी असतं. बी-१२ कमी झालं की थकवा, उदासी, विसराळूपणा, पायाला मुंग्या, सगळंच येतं. पायाच्या मुंग्या "शुगरमुळे" म्हणून सोडून दिल्या जातात. तपासणी फार महाग नाही, उपचारही स्वस्त आहे.

रिपोर्ट ठीक आले आणि मन तसंच राहिलं, तर "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुला काही झालेलं नाही" हे वाक्य ऐकून घेऊ नका.

मधेच छातीत धडधडतं, घाम फुटतो, जीव घाबराघुबरा होतो. हे टेन्शन की शुगर?

मोजून बघा, दुसरा मार्ग नाही. ७० च्या खाली असेल तर शुगर उतरली आहे: तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजायला काही नसेल तर शुगर उतरली असं समजून साखर घ्या. आकडा ठीक असेल तर ती घबराट असू शकते. चाळिशी-पन्नाशीत पाळी जातानाही असाच घाम फुटतो, आणि तिन्हींची गल्लत होते. चार-पाच वेळा आकडा लिहून ठेवला की डॉक्टरांना लगेच अंदाज येतो. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर मोजत बसू नका, दवाखाना गाठा. मधुमेही बायकांचा हार्ट अटॅक नेहमीच्या लक्षणांनी येतोच असं नाही.

गरोदरपणात शुगर निघाली. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

तुमचं काही चुकलेलं नाही, आधी हे. "डोहाळे पुरवायला पेढे खाल्ले म्हणून झालं" हे सासरमाहेर दोन्हीकडून ऐकवलं जातं, आणि ते खरं नाही. वारेतून येणारे हॉर्मोन्स इन्सुलिनला अडवतात. काहींच्या शरीराला ते पेलत नाही.

बाळंतपणानंतरचे पहिले महिने नीट सांभाळा. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, पाहुण्यांची रीघ, आणि या सगळ्यात आई रात्री बाळाला पाजताना एकटीच रडते. ही रड दोन आठवड्यांत ओसरली तर ती बाळंतपणानंतरची नेहमीची हळवी अवस्था. त्यापुढे राहिली तर उपचार हवेत. अंगावर पाजणाऱ्या आईलाही देता येतात अशी औषधं आहेत.

आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी करून घ्या, पुढे दर एक ते तीन वर्षांनी. गरोदरपणात शुगर निघालेल्यांना पुढे टाइप २ होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दहापट असतो. बाळाच्या लसीच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात, आईची ही तारीख कोणाच्याच लक्षात राहत नाही.

मुलीला टाइप १ आहे, वय १७. हल्ली गप्प असते.

तिच्याशी आकड्यावरून बोलणं आठवडाभर थांबवून बघा. शाळेतून आली की पहिला प्रश्न "किती आली?" हा नको. ती मुद्दाम डोस चुकवते का, याकडे मात्र लक्ष ठेवा. काही मुली वजन उतरावं म्हणून इन्सुलिन गाळतात. त्यातून कीटोॲसिडोसिस होऊन, म्हणजे रक्तात आम्ल साचून, जिवावर बेततं. वजन झपाट्याने उतरणं, पुन्हा पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं, तीन महिन्यांची शुगर चढीच राहणं या खुणा. अशा वेळी ओरडून उपयोग नाही, मानसोपचाराची गरज आहे.

"हिचं लग्न कसं होणार" ही चर्चा तिच्यासमोर करू नका. ती दाराआडून ऐकत असते.

आई ६८ वर्षांची आहे. विसरते, गप्प बसते. वयामुळे असेल ना?

असेलही, पण गृहीत धरू नका. म्हातारपणी नैराश्य विसराळूपणाचं सोंग घेऊन येतं. पुन्हा पुन्हा शुगर उतरत असेल तरी असंच दिसतं. दिसायला कमी झालं, ऐकायला कमी आलं की माणूस आपोआप गप्प होतो.

मुलं पुण्याला किंवा परदेशात असतील तर आई व्हिडिओ कॉलवर हसते आणि "मी मजेत" म्हणते. तिला "कशी आहेस?" विचारू नका. आज भाजी कुठली केलीस, कोण आलं होतं, भिशीला गेलीस का, असं विचारा. तीन दिवस नुसता दूध-भात चालू असेल तर ते तिच्या बोलण्यात येतं.

नैराश्याच्या गोळ्यांनी शुगर वाढते का? सवय लागते का?

सवय लागण्याबद्दल: झोपेच्या गोळ्यांची लागते, नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची तशी लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थपणा येतो, म्हणून हळूहळू कमी करतात. असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, फरक काहीच वाटत नाही, आणि नेमक्या तेव्हाच निम्म्या बायका गोळी सोडतात असा माझा अनुभव. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने घ्याव्या लागतात.

शुगरबद्दल: गोळी कुठली यावर आहे. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन या गटाचा शुगरवर वाईट परिणाम सहसा होत नाही. उलट सुरुवातीला शुगर थोडी उतरू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी चालू असेल तर पहिले काही आठवडे जास्त वेळा मोजा. ॲमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिनने वजन वाढू शकतं. पायांची आग आणि नैराश्य दोन्ही असेल तर ड्युलोक्सेटिनचा दोन्हींना उपयोग होतो. मानसोपचारतज्ज्ञांना शुगरच्या सगळ्या गोळ्या दाखवा आणि शुगरच्या डॉक्टरांना या दाखवा. रिकामी पाकिटंच पिशवीत घालून न्या, नावं पाठ करायची गरज नाही.

गोळ्यांशिवाय काही?

हो. सौम्य ते मध्यम नैराश्यात बोलण्याच्या उपचारांचा चांगला उपयोग होतो. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ या संस्थेने एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मध्यमपेक्षा जास्त ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ लोक होते. हे उपचार डॉक्टरांनी केले नाहीत. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत केले. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. हे सगळे मधुमेही नव्हते, पण पद्धत मधुमेहात छान बसते.

पद्धत अशी: मन लागेल तेव्हा करू, असं म्हणत थांबायचं नाही. आधी करायचं, मन मागून येतं. आणि छोटं करायचं. "रोज ४५ मिनिटं चाला" हे नैराश्यातल्या बाईला सांगणं म्हणजे पंढरपूरला पायी जा म्हणण्यासारखं आहे. तिला मी सांगते, चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन या. काही आणू नका, नुसतं जाऊन या. दुसऱ्या आठवड्यात तिथून पुढे. आठवड्याला १५० मिनिटं हे ध्येय आहे, पण ते चौथ्या महिन्यातलं.

उपवास केला तर चालेल? तेवढंच मनाला बरं वाटतं.

मनाला बरं वाटणारी गोष्ट मी सहसा काढून घेत नाही. पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शुगर झपकन चढते. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असताना हरतालिकेसारखा निर्जळी उपवास धोक्याचा आहे. आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचे डोस ठरवून घ्या.

घरच्यांसाठी एक सूचना. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी असे उपवास एकाएकी वाढले असतील तर श्रद्धा वाढली असेलही, पण कधी कधी बाईची भूकच मेलेली असते आणि "उपवास आहे" म्हटलं की कोणी जेवायचा आग्रह करत नाही.

मन बरं झालं की शुगर आपोआप खाली येते का?

दरवेळी नाही. उदासी गेली, झोप लागली, तरी तीन महिन्यांची शुगर तशीच राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. दोन्हीकडे एकदम काम करावं लागतं. चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या चार दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर असा एक प्रयोग झाला, २०२० मध्ये तो 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्यांना नियमित फोन करणारा एक समन्वयक दिला, आणि तज्ज्ञ डॉक्टर ठरावीक काळाने त्यांच्या केसेस तपासून उपचार बदलायला सुचवत. दोन वर्षांनी, नैराश्य निम्म्याने कमी होऊन सोबत शुगर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही सुधारलेले लोक या गटात ७१.६ टक्के होते, नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्के. चमत्कार नाही, पण फरक खरा आहे.

आणि दोन्हीकडे दुर्लक्ष केलं तर? वर सांगितलेल्या परिचारिकांच्याच अभ्यासात, मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या बायकांमध्ये सहा वर्षांत मृत्यूचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट होता.

डॉक्टर पाच मिनिटं देतात. त्यात हे कसं सांगू?

खुर्चीत बसल्या बसल्या, फाइल उघडायच्या आधी: "डॉक्टर, दोन आठवड्यांपासून कशात मन लागत नाही, शुगरचं मग बघू." जाताना दारात सांगू नका. दारातलं बोलणं पुढच्या पेशंटच्या नावाखाली दबून जातं.

घरच्यांनी काय करावं?

पंगतीत तिच्या ताटाकडे बघू नका. संध्याकाळी साडेसहाला पोळ्या दुसऱ्या कोणीतरी लाटा, म्हणजे ती चालायला जाईल. बिघडल्या तरी चालतील. तिचं पथ्य सगळ्यांनी खा, ते सगळ्यांच्याच फायद्याचं आहे. गोळ्यांचा डबा दर रविवारी भरायचं काम नवऱ्याने किंवा मुलाने घ्यावं. आणि "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर तिला देता येत नाही, म्हणून तर ती आजारी आहे.

जगणंच नकोसं वाटतं. हे कोणाला सांगावं?

आजच, आत्ताच, एका माणसाला सांगा. एकट्या राहू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे: सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तातडी असेल तर ११२ किंवा १०८ लावा, किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

घरच्यांसाठी: तिच्या तोंडून असं काही निघालं तर "वेडी आहेस का" म्हणू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. काही दिवस इन्सुलिन आणि गोळ्या आपल्या ताब्यात ठेवून वेळेवर तुम्ही द्या. डोस जास्त गेल्याची शंका आली, चुकून असो वा मुद्दाम, तर साखर खाऊन बरं वाटलं तरी रुग्णालयात न्या, शुगर तासांनंतर पुन्हा उतरू शकते. पोलिस केसच्या भीतीने थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं. अपवाद फक्त उलट सिद्ध झालं तर.

उपचारांसाठी कुठे जायचं? खर्च किती?

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची ओपीडी असते, खर्च जवळजवळ काहीच येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक वारी पथक येतं का, हे ग्रामीण रुग्णालयात विचारा. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. तिथली ओपीडीही सगळ्यांसाठी आहे. तिथे गेलं म्हणजे दाखल करून घेतात, हा समज चुकीचा. गोव्यात बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था आहे. शुगरचे डॉक्टर स्वतःही सुरुवातीची गोळी देऊ शकतात, आणि बरेचदा तेवढ्याने भागतं.

विमा मिळतो का?

वर सांगितलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. पण बऱ्याच पॉलिसी फक्त दाखल झाल्यावरचा खर्च देतात, ओपीडीची फी आणि समुपदेशन त्यात बसत नाही. पॉलिसीच्या कागदात 'ओपीडी' हा शब्द शोधा. क्लेम मानसिक आजार म्हणून नाकारला तर नकार लेखी मागा. लेखी मागितलं की काही वेळा नकारच मागे घेतला जातो.